राष्ट्रीय पुरस्कारात दिग्दर्शकाची निवड कशी होते? आपल्या मुलांनीही हे जाणून घ्यावे

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले की फोटो छापून येतात ते नायक-नायिकांचे. दिग्दर्शकाचे नाव कुठेतरी खाली असते. खरं तर गोष्ट कोणाच्या नजरेतून सांगायची, हे दिग्दर्शकच ठरवतो. आपली घरं, आपले मोहल्ले पडद्यावर कसे दिसतात, हेही त्याच्याच हातात असते.

हे पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाला. दिग्दर्शनाचा वेगळा पुरस्कार मात्र १९६७ च्या चित्रपटांपासून मिळू लागला आणि त्याचे पहिले मानकरी सत्यजित राय होते. आता विजेत्याला सुवर्ण कमळ आणि ३ लाख रुपये मिळतात.

निवड कशी होते?

ठरलेल्या वर्षात सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांच्या प्रवेशिका मागवल्या जातात. आधी प्रादेशिक ज्युरी चित्रपट पाहतात, त्यातून निवडलेले चित्रपट केंद्रीय ज्युरीकडे जातात. प्रेक्षकांची मते किंवा तिकीटबारीवरचा गल्ला इथे मोजला जात नाही. त्यामुळे छोट्या बजेटच्या चित्रपटालाही संधी असते. टीव्ही मालिका मात्र या पुरस्कारात येत नाहीत.

आपल्याशी याचा संबंध काय?

दोन नावे लक्षात ठेवा. पहिले सईद अख्तर मिर्झा. १९८६ मध्ये दूरदर्शनवर गाजलेली ‘नुक्कड’ मालिका त्यांनी कुंदन शाह यांच्यासोबत दिग्दर्शित केली. पुढे १९९५ च्या ‘नसीम’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बाबरी मशीद पाडली जाण्याआधीच्या महिन्यांतली मुंबई, शाळेत जाणारी नसीम आणि अंथरुणाला खिळलेले तिचे दादाजान, अशी ही गोष्ट. दादाजानची भूमिका शायर कैफी आझमी यांनी केली होती.

दुसरे नाव शिवाजी लोटन पाटील. स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबावरच्या ‘धग’ या मराठी चित्रपटासाठी ६० व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ते सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले. त्यानंतर राजन खान यांच्या कथेवर त्यांनी ‘हलाल’ केला. तलाक आणि हलाला हा नाजूक विषय २०१७ मध्ये मराठी पडद्यावर आला.

एकाने घरातून पाहिले, दुसऱ्याने शेजारून. दोन्ही नजरा हव्यातच. पण मराठी बोलणाऱ्या मुस्लिम घराची गोष्ट घरातूनच सांगणारे किती आहेत, याचा विचार आपण करायला हवा. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी काय दाखवले, यावर नाराज होणे सोपे असते. स्वतः सांगायला मेहनत लागते.

मुलांसाठी वाट

लातूर पॅटर्नने आपल्याला डॉक्टर, इंजिनिअर दिले, ते चांगलेच झाले. पण एखाद्या मुलाला किंवा मुलीला गोष्टी सांगण्याची आवड असेल, तर तिला ‘टाइमपास’ म्हणू नका. पदवी घेतल्यावर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये प्रवेश परीक्षा देऊन दिग्दर्शन शिकता येते. सईद मिर्झाही तिथलेच विद्यार्थी आणि पुढे त्याच संस्थेचे अध्यक्ष. दिल्लीत जामिया मिल्लियाचे मास कम्युनिकेशन सेंटर १९८२ पासून आहे. घराजवळच शिकायचे असेल तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे.

पुरस्कार मिळेल न मिळेल, ते ज्युरीच्या हातात. अब्बू-अम्मींच्या हातात एवढेच आहे की, मुलाने हा विषय काढला तर आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे.