संगणकाच्या कोठारात जागा करू या



कणगी कितीही मोठी असली तरी तिला काठ असतोच. संगणकाचेही तसेच आहे. फोटो, चित्रफिती, प्रश्नपत्रिका, गाणी असे जे जे आपण साठवतो, ते सारे आतल्या एका पेटीत जाऊन बसते. तिला हार्ड डिस्क म्हणतात. १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क आणली. ती कपाटाएवढी होती आणि तिच्यात पन्नास तबकड्या होत्या. तरी मावायचे किती? फक्त पन्नास लाख अक्षरे! म्हणजे आजच्या मोबाइलचा एखादा फोटो. आजची डिस्क तळहातावर मावते आणि तिच्यात लाखभर फोटो बसतात. पण तीही भरतेच.

आधी मापे समजून घेऊ. इंग्रजीतले एक अक्षर साठवायला एक बाइट लागते. आपल्या देवनागरीतल्या एका चिन्हाला बहुधा तीन बाइट लागतात. १०२४ बाइटांचा एक केबी, १०२४ केबींचा एक एमबी आणि १०२४ एमबींचा एक जीबी. नुसता मजकूर असलेला एक पानी निबंध थोड्या केबींत मावतो. मोबाइलचा एक फोटो तीन-चार एमबी खातो. साधे ध्वनिमुद्रण तासाला साठ एमबीच्या आसपास जाते, तर चित्रफीत एका मिनिटालाच शंभर एमबीच्या घरात जाते. आता सांगा, कोठार कोण भरते? निबंध नव्हे, चित्रफिती!

एक गंमत सांगते. आमच्या संगणकाच्या डिस्कवर ५०० जीबी छापले आहे, पण पडद्यावर एकूण ४६५च दिसतात. बाकीचे कोणी चोरले नाहीत. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. माल तेवढाच, पायली वेगळी.

या डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग आहेत. त्यांतला शंभर जीबीचा सी भाग भरत आला होता. फक्त दोन जीबी उरले होते आणि पट्टी लालभडक झाली होती. असे झाले की संगणक रखडतो. का बरे? गणित सोडवताना आपल्याला जशी कच्ची वही लागते, तशी संगणकालाही कच्च्या कामाला मोकळी जागा लागते. ती नसली की त्याचा हात अडतो.

मग दिसेल ते पुसत सुटायचे का? नाही! गुरुजींनी आधी फळ्यावर तीन रकाने पाडले. पहिला: पुन्हा मिळेल ते. दुसरा: पुन्हा कधीच मिळणार नाही ते. तिसरा: संगणकाचे स्वतःचे. आम्ही आधी वाटणी केली आणि मगच कामाला लागलो.

१) कचरापेटी रिकामी करणे. आपण फाइल पुसली की ती आधी रिसायकल बिनमध्ये जाते. तिथे ती असते तोवर जागा अडवतेच. केर झाडून कोपऱ्यात लोटला म्हणजे घर साफ झाले का? पेटीत नीट पाहून ती रिकामी केली, तेव्हा पाच जीबी सुटले.

२) डाउनलोड्स पाहणे. इंटरनेटवरून उतरवलेले सारे इथे साचते. एकच परिपत्रक चार-चारदा उतरवलेले होते. जे पुन्हा उतरवता येते ते काढले. पेटी पुन्हा रिकामी केली. नऊ जीबी मिळाले.

३) तात्पुरत्या फाइली. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात स्टोरेज उघडले की कशाने किती जागा खाल्ली ते दिसते. तिथूनच टेम्पररी फाइल्स काढता येतात. मात्र प्रत्येक ओळ वाचून मगच खूण करावी. सहा जीबी सुटले.

४) चित्रफिती हलवणे. स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती डेस्कटॉपवर होत्या. पुष्कळांना वाटते की डेस्कटॉप वेगळा असतो. तसे नाही, तोही सी भागातच असतो. चौदा जीबी डी भागात हलवले.

दोनाचे छत्तीस झाले. आता संगणक झटपट चालू होतो.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. विंडोज नावाच्या फोल्डरला हात लावायचा नाही. तो घराचा खांब आहे. नको असलेला प्रोग्राम त्याचे चित्र पुसून जात नाही. ते चित्र म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून घर हलत नाही. सेटिंग्जमधूनच तो अनइन्स्टॉल करावा. फोटोंची झिप करूनही फारसा लाभ नाही, कारण ते आधीच दाबून बसवलेले असतात.

आता दुसऱ्या रकान्याविषयी, कारण खरा पेच तिथेच पडला. गेल्या वर्षी आम्ही गावातल्या आजींकडून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या होत्या. दोन तासांचे ते ध्वनिमुद्रण. एक जण म्हणाला, "सहा महिन्यांत कोणी उघडलंसुद्धा नाही, टाका काढून!" त्यावर आम्ही माप पाहिले. अवघे एकशे पंधरा एमबी. नाचाच्या चित्रफितीचे जेमतेम एक मिनिट! शिवाय त्या आजींपैकी एक आता या जगात नाहीत. परिपत्रक पुन्हा उतरवता येईल, पण त्यांचा आवाज कुठून उतरवणार? म्हणून माझे म्हणणे असे, की फाइल किती मोठी आहे किंवा किती दिवसांत उघडली नाही, एवढ्यावर तिची किंमत ठरवू नये. ती पुन्हा मिळेल का, हे विचारावे.

आणि अशी वस्तू एकाच ठिकाणी ठेवू नये. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत. डिस्क बिघडली तर दोन्ही जातात. आम्ही ओव्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती कार्यालयाच्या कपाटात ठेवली आणि दुसरी बाईंकडे दिली. दोन्हीकडे नीट वाजते की नाही तेही ऐकून पाहिले. पेनड्राइव्हवरून पुसलेले सहसा कचरापेटीत जात नाही, थेट नाहीसे होते. म्हणून तिथे तर दुप्पट सावध राहावे.

पालकहो, तुमच्या मोबाइलचेही असेच आहे. तो भरला की आधी सकाळ-सकाळ येणारी शुभेच्छांची चित्रे काढा. घरातल्या थोरामोठ्यांचे आवाज आणि लेकरांचे फोटो दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय पुसू नका.

अडगळ काढा, ठेवा जपा!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी