राग आला की धंद्याचा निर्णय कोण घेतं?

उधारी मागितली आणि गिऱ्हाईकच उलट बोललं, की आपलं डोकं तापतं. तेव्हा आत काय चालतं, बघा. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, खोलवर, बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो: अमिग्डाला. धोका वाटला की तो लगेच घंटा वाजवतो. छाती धडधडते, आवाज चढतो. नफा-तोटा तोलण्याचं काम कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं. त्याला थोडा वेळ लागतो, आणि ताण वाढला की तो मागे पडतो.

म्हणून रागात टाईप केलेला मेसेज लगेच पाठवू नका. पाणी प्या, दहा संथ श्वास घ्या, मग पुन्हा वाचा. उधारी पुन्हा मागता येते. तुटलेलं गिऱ्हाईक सहजासहजी परत येत नाही.