एचआयव्हीवरील औषधे विषाणूला कशी रोखतात?

एचआयव्ही हा विषाणू रोगप्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी-४ पेशींत शिरतो, आपल्या आरएनएपासून डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्या डीएनएत मिसळतो. अँटिरेट्रोव्हायरल औषधे ही साखळी तोडतात. भारतात सरकारी केंद्रांतून ती २००४ पासून मोफत दिली जातात.

सध्याच्या प्रमुख उपचारात एकाच गोळीत तीन औषधे असतात. टेनोफोव्हिर आणि लॅमिवुडिन डीएनए तयार होऊ देत नाहीत, तर डोल्युटेग्राव्हिर तो पेशीत मिसळू देत नाही. एकाच औषधाला विषाणू लवकर दाद देईनासा होतो, म्हणून ही त्रयी.

पूर्वीच्या स्टॅव्हुडिनमुळे गालांवरील चरबी झडे, हातापायांना मुंग्या येत. झिडोव्हुडिनमुळे काहींना रक्तक्षय होई. आजच्या गोळीचा त्रास तुलनेने कमी असला, तरी टेनोफोव्हिरचा मूत्रपिंड व हाडांवर परिणाम होऊ शकतो. डोल्युटेग्राव्हिरमुळे काहींची झोप उडते, वजन वाढते. त्यामुळे नियमित तपासणी आवश्यक ठरते.

त्रास झाला तरी परस्पर औषध थांबवणे धोक्याचे असते. काही पेशींत विषाणू सुप्तावस्थेत दडून राहतो आणि औषध थांबताच बहुधा काही आठवड्यांत उसळी घेतो. उलट, नियमित उपचाराने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका घटला व तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही.