जुनी मोटार सुरू होत नाही तेव्हा

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. मुंबईच्या टॅक्सीतळांवरून ती २०२३ साली निवृत्त झाली. हौशी मालकांकडे मात्र अजून धावते. टेंभुर्णीहून रात्री रुग्णाला जालन्यास न्यायचे असताना अशी गाडी अडून बसली, तर अंदाजाने सुटे भाग बदलण्यात वेळ व पैसा दोन्ही जातात. आधी एवढेच पाहावे : इंजिन फिरतच नाही, की फिरते पण पेटत नाही?

फिरत नसेल, तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवा अगदी मंदावला, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टोकांवर क्षार साचलेला असतो. दिवा लख्ख आणि आवाज मुळीच नाही, तर दोष स्विच, वायर वा सोलेनॉइडमध्ये शोधावा. मोटार नुसतीच घरघरली, तर तिचे पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाही.

इंजिन फिरूनही पेटत नसेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक प्लग काढावा. वायर तशीच जोडून तो रबरी मुठीच्या पकडीने इंजिनच्या धातूस टेकवावा. आसपास पेट्रोल सांडलेले नसावे. दुसऱ्याने सेल्फ मारताच निळी, कडक ठिणगी पडली, तर पेट्रोलचा मार्ग तपासावा. ती पिवळट असली वा पडलीच नाही, तर डिस्ट्रिब्यूटर उघडावा. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइल १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. पॉइंट काजळले किंवा कंडेन्सर बिघडला की ठिणगी मरते.

तर्कशास्त्राच्या तासाला आपण एकेक पर्याय वगळत जातो. बॉनेटखालीही रीत तीच.