नदी नसलेल्या गावाचा चौक



आज आपण इटली देशातल्या एका चौकाची माहिती घेऊ. गावाचं नाव सिएना आणि चौकाचं नाव पियात्सा देल काम्पो. पियात्सा म्हणजे चौक आणि काम्पो म्हणजे शेत. गावातले लोक चौकसुद्धा म्हणत नाहीत, नुसतं 'काम्पो' म्हणतात. आज तिथे मातीचा कण दिसत नाही, सगळी विटांची फरसबंदी आहे, पण नाव शेताचंच राहिलं.

जगात सुंदर चौक पुष्कळ आहेत. बहुतेक कुणा राजाने, सरदाराने नाहीतर मोठ्या धर्मगुरूने आपल्या नावासाठी बांधलेले. सिएनाच्या चौकाला असा एक धनी नाही. तो गावाच्या पैशातून, गावच्या सभेने केलेल्या ठरावांतून, शंभर-दीडशे वर्षांत हळूहळू उभा राहिला. म्हणूनच आम्हाला त्याच्याबद्दल तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तो ठरवला कुणी, पैसा कुठे गेला आणि पाणी कसं आलं, हे सगळं त्यात बघायला मिळतं.

सिएना हे टस्कनी प्रांतातलं, फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला असलेलं डोंगरावरचं गाव. तीन डोंगरधारांवर तीन वस्त्या होत्या आणि त्या जिथे एकमेकींना भेटतात, तिथे मधे एक उतरती मोकळी जागा होती. पावसाचं पाणी तिथे धावायचं. बाजारही तिथेच भरायचा. ती जागा कुठल्याही एका वस्तीची नव्हती, हे महत्त्वाचं. तीन वस्त्यांना एकत्र बसायचं तर तिथेच बसता येत होतं.

चौकाचा आकार शिंपल्यासारखा आहे. एका बाजूला गोल कड आणि तिथून सगळी जमीन खाली उतरत एका ठिकाणी येते. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या बसवल्यात आणि पांढरट दगडाच्या पट्ट्यांनी चौकाचे नऊ भाग पाडलेत, हातपंखा उघडावा तसे. हे सगळे पट्टे जिथे मिळतात तिथे पाणी जायचं तोंड आहे. म्हणजे शोभाही झाली आणि पाण्याचा निचराही. उतार असल्यामुळे कुठेही बसा, समोरचं सगळं दिसतं. लोक तिथे जमिनीवरच बसतात, पाय पसरून, बाकड्यांची वाट न बघता. ही फरसबंदी १३४९ साली पूर्ण झाली.

नऊच भाग का, याचं उत्तर सिएनाच्या कारभारात आहे. १२८७ ते १३५५ अशी ६८ वर्षं गावावर नऊ जणांच्या मंडळाचं राज्य होतं. लोक त्यांना नुसतं 'नऊ' म्हणत. हे बहुतेक व्यापारी आणि सावकार, म्हणजे खाऊनपिऊन सुखी घरचे. जुन्या सरदार घराण्यांना त्यात जागा नव्हती, हातावर पोट असलेल्यांनाही नव्हती. पण एक नियम मोठा शहाणपणाचा होता. नऊ जणांची मुदत फक्त दोन महिन्यांची. त्या दोन महिन्यांत त्यांनी घरी जायचं नाही, सरकारी वाड्यातच राहायचं, म्हणजे नातेवाइकांची आणि मित्रांची भीड पडायला नको. मुदत संपली की पुढचे वीस महिने त्या माणसाला पुन्हा नऊमध्ये बसता येत नसे. दर दोन महिन्यांनी माणसं बदलत असताना काम कसं पुढे जात असेल, असा प्रश्न आपल्याला पडतो. काम पुढे गेलं ते लिहून ठेवलेल्या ठरावांमुळे.

त्यातला एक ठराव १२९७ सालचा आहे. चौकाकडे तोंड करून जो कुणी घर बांधेल, त्याने खिडक्यांना लहान खांब ठेवायचे, सरकारी वाड्याला आहेत तसे, आणि पुढे सज्जा काढायचा नाही. त्या काळी श्रीमंत लोक वरच्या मजल्याला लाकडी सज्जे काढून रस्ता खायचे. खाली वाट सगळ्यांची, वर मात्र त्यांचं घर. ठराव झाला आणि चौकाभोवतीची घरं एका ओळीत, एका लयीत उभी राहिली. आज पर्यटक 'काय सुंदर रचना' म्हणून फोटो काढतात. त्या सौंदर्याच्या मुळाशी अतिक्रमण करू नका असं सांगणारा हा साधा कागद आहे.

झाडलोटीचीही व्यवस्था होती. तेराव्या शतकाच्या अखेरची नोंद आहे की चौक झाडायचा मक्ता लिलावाने दिला गेला. मक्तेदाराने बाजार उठल्यावर सांडलेलं धान्य आणि कचरा गोळा करायचा आणि त्याच्या मदतीला होती एक डुकरीण आणि तिची चार पिल्लं. सगळं साफ! अशा बाजारांत भाजी, फळं, अंडी विकणाऱ्या बायका असत. टस्कनीत त्यांना त्रेक्कोला म्हणत.

चौकाच्या सगळ्यात खालच्या कडेला सरकारी वाडा आहे, पालात्सो पुब्लिको, म्हणजे सार्वजनिक वाडा. त्याचं काम तेराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं. सत्तेची जागा नेहमी उंचावर असते, गड पाहा, राजवाडे पाहा. इथे उलटं आहे. गाव वरून उतरत येतं आणि कारभारी तळाशी बसलेले असतात. वाड्याला लागून मात्र ऐंशी मीटरहून उंच मनोरा आहे. त्याची घंटा वाजली की दिवस सुरू व्हायचा आणि मावळायचा. पहिला घंटा वाजवणारा माणूस उधळ्या होता, मिळकत खाऊन टाकायचा, म्हणून लोकांनी त्याचं नाव पाडलं 'मिळकतखाऊ'. त्या टोपणनावावरून मनोऱ्याला आजही तोर्रे देल मांजा म्हणतात. ज्यांनी मनोऱ्याचा खर्च मंजूर केला, त्या कारभाऱ्यांची नावं कुणाला आठवत नाहीत.

आम्ही बचत गटाच्या कामात रोज हिशेबाच्या वह्या बघतो, त्यामुळे पुढची गोष्ट आम्हाला विशेष आवडली. गावाच्या जमाखर्चाच्या कचेरीला बिक्केर्ना म्हणत. दर सहा महिन्यांनी तिथले अधिकारी बदलायचे आणि हिशेबाची वही बंद व्हायची. या वह्यांना लाकडी पुठ्ठे घालत आणि त्या पुठ्ठ्यांवर गावातल्या नामवंत चित्रकारांकडून चित्रं काढून घेत. एखाद्या चित्रात खजिनदार टेबलाशी बसून पैसे मोजतोय, समोर वही उघडी. तेराव्या शतकापासूनचे हे रंगवलेले पुठ्ठे गावाने जपून ठेवलेत आणि चौकाजवळच्या दफ्तरखान्यात ते बघायला मिळतात. हिशेबाची वही ही मिरवायची वस्तू आहे असं त्या गावाला वाटत होतं.

आता पाणी. सिएनाला नदी नाही. डोंगरावर गाव, खाली खोल दऱ्या. जुने हौद होते ते वस्तीच्या खालच्या अंगाला, जिथे पाझर मिळेल तिथे. त्यातला फोन्तेब्रान्दा हा सगळ्यात नावाजलेला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. पाणी आधी पिण्याच्या टाक्यात येतं. तिथून ओसंडलं की जनावरांच्या टाक्यात, आणि तिथून धुण्याच्या टाक्यात. पाणी एकच, पण पिणारी बाई, गुरं आणि धुणं यांची भांडणं नाहीत. पण तिथून भरलेली भांडी घेऊन गावात यायचं म्हणजे उभा चढ.

गाव वाढलं, लोकर रंगवणारे आले, कातडी कमावणारे आले, पाणी पुरेना. सिएनाच्या लोकांची समजूत होती की गावाखालून दियाना नावाची नदी वाहते. ती शोधण्यासाठी त्यांनी पैसा घातला. नदी सापडली नाही आणि कवी दान्तेने आपल्या महाकाव्यात त्यांची थट्टा केली. खरं पाणी दुसऱ्या तऱ्हेने मिळालं. तिथल्या डोंगरात वर वाळूचा थर आहे आणि खाली चिकणमातीचा. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि चिकणमातीवर येऊन अडतं. या पाझराला वाट करून देण्यासाठी त्यांनी डोंगरातून माणूस चालू शकेल एवढी भुयारं खणली. तळाशी एक बारीक पन्हळ ठेवली. भुयाराला अगदी हलका उतार दिला, जास्त दिला तर पाणी भिंत कापतं, कमी दिला तर तुंबतं. कुठेही पंप नाही, रहाट नाही. अशी सुमारे २५ किलोमीटर भुयारं गावाखाली आणि आजूबाजूला आहेत. त्यांना बोत्तिनी म्हणतात. सगळं हाताने, कुदळीने, दिव्याच्या उजेडात खणलेलं.

१३४२ साली हे पाणी काम्पोच्या वरच्या कडेला पोचलं. डोंगरमाथ्यावरच्या चौकात पाणी! गावाने इतका आनंद केला की त्या कारंज्याचं नावच पडलं फोन्ते गाया, आनंदाचा झरा.

त्याच सुमारास, १३३८-३९ मध्ये, अंब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने वाड्यात नऊ जणांच्या बैठकीच्या खोलीच्या भिंती रंगवल्या. विषय होता चांगला कारभार आणि वाईट कारभार. चांगल्या कारभाराच्या गावात गवंडी घर बांधतायत, चांभाराचं दुकान उघडं आहे, गुरुजी शिकवतायत, खेड्यातला माणूस डुक्कर हाकत गावाकडे येतोय आणि शेतात मळणी चाललीय. वाईट कारभाराच्या गावात घरं पडलेली आणि रानं ओसाड. नऊ जण बसायचे तेव्हा दोन्ही चित्रं डोळ्यांसमोर असायची.

या भिंतीवर न्याय ही बाई आहे, शांती ही बाई आहे आणि एकी हीसुद्धा बाई आहे. एकीच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, उंचसखल सारखं करण्यासाठी. न्यायाकडून आलेला दोर एकी पुढे देते आणि तो दोर धरून चोवीस नागरिक ओळीने चालतात. हे चोवीसही पुरुष आहेत. नऊमध्येही कधी बाई नव्हती. चित्रातल्या रस्त्यावर हात धरून नाचणारा एक मेळा आहे. त्या बायका असं कुणीही म्हणेल, पण काही अभ्यासक म्हणतात की ते तरुण मुलगे असावेत, कारण बायकांनी असं रस्त्यात नाचणं त्या काळी चालत नव्हतं. न्यायाला बाईचं रूप दिलं, पण न्याय करायला बाई बसवली नाही. चित्र कितीही सुंदर असलं तरी हे दिसल्यावाचून राहत नाही.

मग १३४८ साल उजाडलं आणि प्लेग आला. सिएनाचं निम्मं माणूस गेलं असं मानतात, काही जण तर याहून जास्त सांगतात. अन्योलो दी तूरा नावाच्या तिथल्या बखरकाराने लिहून ठेवलंय की त्याने आपली पाच मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. भिंत रंगवणारा लोरेन्झेत्तीही बहुधा याच साथीत गेला. मनोऱ्याचं काम त्याच वर्षी संपलं होतं. वाचलेल्या लोकांनी १३५२ साली मनोऱ्याच्या पायथ्याशी मेरीमातेचं छोटं देऊळ बांधायला घेतलं, नवस फेडण्यासाठी. ते आजही तिथे आहे. चौकाची फरसबंदी १३४९ साली पूर्ण झाली, म्हणजे प्लेगच्या दुसऱ्याच वर्षी. तेव्हा त्या विटांवरून चालायला किती माणसं उरली असतील! १३५५ मध्ये गावात उठाव होऊन नऊ जणांचं राज्यही संपलं. विटांतले नऊ भाग तेवढे राहिले.

दुःखात माणूस कारण शोधतो. कारंज्यावर प्राचीन रोमन काळातली व्हीनस देवीची मूर्ती बसवलेली होती, जमिनीत सापडलेली. लोक म्हणू लागले, हिच्यामुळेच गावावर संकटं आली. १३५७ साली मूर्ती उतरवली, फोडली आणि तुकडे शेजारच्या शत्रूच्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या हद्दीत नेऊन पुरले, की अपशकुन त्यांना लागू दे. साथ कशाने येते हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि दोष येऊन पडला एका दगडाच्या बाईवर.

आज हा चौक जगाला माहीत आहे तो पालिओ नावाच्या घोड्यांच्या शर्यतीमुळे. २ जुलै आणि १६ ऑगस्टला विटांवर माती पसरतात आणि गावातल्या सतरा मोहल्ल्यांपैकी दहांचे घोडे खोगिराशिवाय तीन फेऱ्या धावतात. बक्षीस एक रंगवलेलं रेशमी निशाण. उतारावरच्या वळणावर घोडे पडतात, जखमी होतात आणि त्यावरून वादही होतात. प्रत्येक मोहल्ल्याचं स्वतःचं छोटं कारंजं आहे. तिथे लेकराच्या डोक्यावर पाणी घातलं की ते त्या मोहल्ल्याचं झालं.

फोडलेल्या मूर्तीनंतर पुष्कळ वर्षांनी गावाने आनंदाचा झरा नव्याने घडवायला दिला. याकोपो देल्ला क्वेर्चा या शिल्पकाराने तो १४१९ मध्ये पूर्ण केला. सिएनाची दंतकथा अशी की गाव वसवलं ते रोमच्या रेमसच्या मुलांनी. रेमस आणि रोम्युलस ही जुळी भावंडं, लांडगिणीने दूध पाजून जगवलेली. म्हणून शिल्पकाराने कारंज्याच्या दोन टोकांना दोन बाया उभ्या केल्या, दोघींबरोबर लेकरं. एक रेआ सिल्व्हिया, त्या जुळ्यांची जन्मदाती, आणि दुसरी आक्का लारेन्तिया, त्यांना वाढवणारी. पाणी भरायला आलेल्या प्रत्येक बाईला या दोघी दिसत होत्या.

चारशे वर्षांच्या ऊनपावसाने दगड झिजला. एकोणिसाव्या शतकात मूळ शिल्पं काढून तिथे नवी प्रतिकृती बसवली गेली. ती करताना या दोन बायांना मात्र वगळलं. अंगावर कपडे कमी, ख्रिस्ती गावाला शोभत नाहीत, असं तेव्हाच्या कारभाऱ्यांना वाटलं. मूळच्या दोघी आता सान्ता मारिया देल्ला स्काला या गावच्या जुन्या इस्पितळात आहेत. ते आज संग्रहालय आहे आणि तिकीट काढून आत जावं लागतं. चौकातल्या झऱ्याला पाणी अजून त्याच भुयारांतून येतं.