विक्रीनंतरची तपासणी : स्वयंसेवा दुकानांतील बिल-तपासणीचे कायदेशीर स्वरूप

प्रस्तावना

महाराष्ट्रातील लहान-मोठ्या शहरांत गेल्या दोन-अडीच दशकांत स्वयंसेवा पद्धतीची दुकाने मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. अशा दुकानातून खरेदी करून बाहेर पडताना ग्राहकाला दारापाशी पुन्हा एकदा थांबावे लागते. सुरक्षारक्षक बिल मागतो, पिशवीत डोकावतो, क्वचित एखादी वस्तू वर काढून पाहतो आणि बिलावर शिक्का मारून ते परत करतो. हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की, त्यास कायद्याचा काही आधार आहे किंवा नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जो विचारतो त्याच्याकडेच संशयाने पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या तपासणीचे कायदेशीर स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. रक्षकाला बिल दाखविण्याची विनंती करता येते. परंतु सरसकट कोणालाही अडवून ठेवण्याचा अधिकार त्याला नाही. या दोहोंमधील सीमारेषा दुकानदार, रक्षक आणि ग्राहक या तिघांनाही बहुधा ठाऊक नसते, आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

स्वयंसेवा पद्धती आणि संशयाची दिशा

पारंपरिक वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे आणि माल पलीकडे, अशी व्यवस्था असे. गिऱ्हाईकाने यादी सांगावी, दुकानदाराने तोलून पुडे बांधावेत आणि पैसे घेऊन माल हाती द्यावा. या व्यवहारात फसवणुकीची भीती प्रामुख्याने गिऱ्हाईकाला होती. माप, भेसळ व भाव या तिन्ही बाबतींत. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सामूहिक खरेदी व वितरणाची जी पद्धत राबविली, तिच्यामागे हीच पार्श्वभूमी होती.

स्वयंसेवा पद्धतीने ही दिशा उलटी केली. अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी १९१६ मध्ये 'पिगली विगली' हे दुकान सुरू केले आणि ग्राहकाला स्वतः माल उचलू दिला. नोकरांवरील खर्च वाचला, विक्री वाढली. मात्र माल ग्राहकाच्या हाती पैसे देण्यापूर्वीच जाऊ लागल्याने संशय आता ग्राहकावर येऊन ठेपला. मुंबईत १९९९ मध्ये हाजी अली येथे 'क्रॉसरोड्स' हा मॉल सुरू झाला. प्रारंभी तेथे क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल फोन जवळ नसणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जात असे. माणसाची पारख दाराशीच करण्याची ही वृत्ती पुढे त्या स्वरूपात टिकली नाही, परंतु पूर्णतः नाहीशी झाली असेही म्हणता येत नाही. २००२ मध्ये पवई येथे डी-मार्टचे पहिले दुकान सुरू झाले आणि त्यानंतर स्वयंसेवा पद्धती मध्यमवर्गीयांच्या महिन्याच्या किराण्यापर्यंत पोहोचली.

येथे प्रवेशद्वारावरील तपासणी आणि निर्गमद्वारावरील तपासणी यांत भेद करणे आवश्यक आहे. नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर धातुशोधक यंत्रे व पिशव्यांची तपासणी सर्वत्र रूढ झाली. तिचा हेतू सार्वजनिक सुरक्षिततेचा आहे, आणि जागेच्या मालकाला प्रवेशासाठी वाजवी अट घालता येते. ज्याला अट मान्य नाही तो परत फिरू शकतो. बाहेर पडणाऱ्या व्यक्तीला मात्र असा पर्याय नसतो. आत येऊ न देणे आणि बाहेर जाऊ न देणे या कायद्याच्या दृष्टीने अगदी भिन्न गोष्टी आहेत.

मालकी केव्हा बदलते?

फळीवर मांडलेला माल म्हणजे विक्रीचा प्रस्ताव नव्हे, तर प्रस्ताव करण्याचे निमंत्रण होय, हे तत्त्व इंग्लंडमधील अपील न्यायालयाने १९५३ मध्ये 'बूट्स' या औषधविक्रेत्या कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले. ग्राहक वस्तू घेऊन रोखपालासमोर येतो तेव्हा तो प्रस्ताव करतो, आणि रोखपाल पैसे स्वीकारतो तेव्हा करार पूर्ण होतो. भारतातील वस्तू विक्री अधिनियम, १९३० मधील कलम १९ व २० यांनुसार निश्चित वस्तूंची मालकी उभयपक्षांच्या इराद्याप्रमाणे हस्तांतरित होते. स्वयंसेवा दुकानात तो इरादा पैसे दिल्याच्या क्षणी पूर्ण होतो, याविषयी वाद संभवत नाही.

याच अधिनियमाचे कलम २६ सहसा दुर्लक्षिले जाते. त्यानुसार अन्यथा करार नसल्यास मालकीबरोबर जोखीमही हस्तांतरित होते. काउंटरपासून दारापर्यंतच्या वीस पावलांत ग्राहकाच्या हातून तेलाची बाटली फुटली, तर दुकानदार ती भरून देण्यास बांधील नसतो. माल ग्राहकाचा झालेला असतो. मग त्याच वीस पावलांत तीच बाटली दुकानाची समजून तपासण्याचा हक्क कोठून येतो? नुकसानीपुरती मालकी ग्राहकाची आणि संशयापुरती दुकानाची, अशी विभागणी कायद्यात आढळत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे बिल देणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. ते बिल दारापाशी पुन्हा सादर करण्याचे कर्तव्य ग्राहकावर या अधिनियमाने कोठेही लादलेले नाही. बिल हा ग्राहकाचा पुरावा आहे. वस्तू सदोष निघाल्यास किंवा हमीच्या मुदतीत दुरुस्ती करून घ्यावयाची असल्यास तेच कामी येते. अशा कागदावर पेनाची आडवी रेघ ओढणे किंवा त्यास भोक पाडणे हे, वरकरणी क्षुल्लक वाटले तरी, दुसऱ्याच्या दस्तऐवजाशी केलेली ढवळाढवळ होय. (उष्णतेने छापलेल्या बिलावरील अक्षरे आधीच काही महिन्यांत पुसट होतात, ही आणखी वेगळी तक्रार.)

अडविण्याचा अधिकार कितपत?

खाजगी सुरक्षारक्षक हा पोलीस नव्हे. खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५ हा अभिकरणांना अनुज्ञप्ती, रक्षकांची पात्रता व प्रशिक्षण यांविषयी तरतुदी करतो. झडतीचा किंवा अटकेचा कोणताही विशेष अधिकार रक्षकाला देत नाही. पोलिसांच्या गणवेशाशी साम्य असणारा गणवेश वापरण्यावर तर या अधिनियमाने शिक्षेची तरतूद केली आहे. रक्षकाचे अधिकार सामान्य नागरिकाइतकेच राहतात, आणि ते तीन ठिकाणी शोधावे लागतात.

पहिले ठिकाण म्हणजे नागरिकाने करावयाची अटक. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४३ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ४० ने घेतली आहे. फरारी घोषित केलेल्या गुन्हेगाराचा अपवाद वगळता, आपल्यासमक्ष अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्यासच नागरिक अटक करू शकतो, आणि त्यास विनाविलंब, उशिरात उशिरा सहा तासांत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. 'आपल्यासमक्ष' हा शब्द महत्त्वाचा आहे. दारावरील रक्षकाने फळीपाशी घडलेले काहीच पाहिलेले नसते.

नव्या संहितांनी यात आणखी एक बदल केला, ज्याची चर्चा फारशी झालेली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मधील परंतुकानुसार चोरीस गेलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, दोषी व्यक्तीची ती पहिलीच दोषसिद्धी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत हा प्रकार अदखलपात्र व जामीनपात्र दाखविला आहे. किराणा दुकानातून कोणी साबणाची वडी किंवा चॉकलेट लपविले तर ते बहुधा याच मर्यादेत बसते. आरोपीची ही पहिलीच वेळ आहे किंवा नाही हे दारापाशी कोणालाच ठाऊक नसते. अशा प्रसंगी नागरिकाच्या अटकेचा अधिकार निर्धोकपणे वापरता येईल काय, याविषयी रास्त शंका उपस्थित होते.

दुसरे ठिकाण मालमत्तेच्या खाजगी बचावाचे. न्याय संहितेच्या कलम ३५ अन्वये चोरीविरुद्ध मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क प्रत्येकास आहे आणि चोर माल घेऊन निसटेपर्यंत तो चालू राहतो. दुकानदाराच्या बाजूने हा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे व तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि हा हक्क प्रत्यक्ष गुन्ह्याविरुद्ध आहे. बाहेर पडणारा प्रत्येक जण संभाव्य चोर आहे या गृहीतकाला त्याचा आधार मिळत नाही. संशय चुकीचा ठरला तर रक्षकाला सद्भावपूर्वक झालेल्या तथ्यविषयक चुकीचा बचाव घ्यावा लागतो. हे तिसरे ठिकाण. सद्भाव म्हणजे योग्य ती दक्षता व काळजी, असा अर्थ संहितेनेच दिला आहे. सीसीटीव्हीवर वस्तू खिशात घालताना पाहून थांबविणे ही दक्षता होय; साधे कपडे पाहून थांबविणे ही नव्हे.

या मर्यादेबाहेर जाऊन वाट अडविल्यास कलम १२६ खाली गैरनिरोधाचा गुन्हा संभवतो. त्यासाठी एक महिन्यापर्यंत साधा कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. व्यवस्थापकाच्या खोलीत बसवून ठेवल्यास कलम १२७ खालील गैरपरिरोधाचा प्रश्न येतो. चारचौघांत 'चोरी केली' असे मोठ्याने म्हटले तर अब्रुनुकसानी वेगळीच. अंगझडतीचा तर प्रश्नच उद्भवत नाही. पोलिसांनाही स्त्रीची झडती स्त्रीकडूनच आणि शालीनतेचे काटेकोर भान ठेवून घ्यावी लागते. रक्षकाला मुळात तो अधिकारच नाही.

अमेरिकेतील अनेक राज्यांनी दुकानदाराला वाजवी कारणास्तव, वाजवी काळापुरते थांबवून चौकशी करण्याचा मर्यादित विशेषाधिकार दिला आहे. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कलम ४९०.५ हे त्याचे उदाहरण होय. भारतात अशी स्वतंत्र तरतूद नाही. ती नसल्यामुळे दुकानदार मोकळा आहे असा समज व्यापारी वर्गात दिसतो. वास्तविक तो अधिक बांधलेला आहे.

सूचनाफलकाचे मूल्य

'बिल तपासणी अनिवार्य आहे' असा फलक दारावर असतो व त्यालाच नियम मानले जाते. करार पूर्ण झाल्यानंतर दिलेली सूचना त्या कराराचा भाग होत नाही, हे इंग्लंडमधील 'ऑली विरुद्ध मार्लबरो कोर्ट' या १९४९ च्या प्रकरणात ठरले. त्यात हॉटेलच्या खोलीत लावलेली सूचना, पाहुण्याने आधीच पैसे भरलेले असल्याने, निरुपयोगी ठरली. भारतातही राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये बिग बझारविषयीच्या प्रकरणात, खरेदीपूर्वी ठळक सूचना न देता पैसे भरतेवेळी कापडी पिशवीचे मूल्य आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. सूचना केव्हा दिली, यालाच तेथे महत्त्व आले.

फलक प्रवेशद्वारी लावला तर? तर ग्राहकाने तपासणीस संमती दिली असे म्हणता येईल. अमेरिकेतील कॉस्टकोसारख्या सभासदत्वावर चालणाऱ्या दुकानांच्या अटींत बाहेर पडताना पावती तपासली जाईल असे नमूद असते. मात्र अट मोडणाऱ्याचे सभासदत्व रद्द करणे हा त्यावरील स्वाभाविक उपाय आहे. करारभंगासाठी माणसाला कोंडून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही करारातून निर्माण होत नाही.

तपासणी नेमकी कोणाची?

गर्दीच्या वेळी चाळीस वस्तूंचे बिल पाच सेकंदांत तपासणे अशक्य आहे, हे रक्षकही जाणतो. मग हा उपचार कशासाठी? खिशात लपविलेली वस्तू पिशवी पाहून सापडत नाही. शिक्क्यामुळे एकच बिल दोनदा दाखवून दुसऱ्यांदा माल बाहेर नेता येत नाही, हा एक खरा उपयोग. दुसरा उपयोग रोखपालावर नजर ठेवण्याचा आहे. ओळखीच्या ग्राहकाची वस्तू यंत्रासमोरून न नेताच पिशवीत सरकविणे, किंवा घाईत एखादी वस्तू नजरचुकीने राहून जाणे, हे प्रकार काउंटरवर घडतात आणि दारावर पकडले जाण्याची शक्यता असते. म्हणजे ही तपासणी बऱ्याच अंशी दुकानाच्या अंतर्गत नियंत्रणाचा भाग आहे. कर्मचाऱ्यांवरील अविश्वासाची किंमत पैसे दिलेल्या ग्राहकाने आपल्या वेळेने आणि क्वचित मानाने चुकवावी, अशी ही रचना आहे.

रक्षकाची बाजूही ध्यानात घेणे भाग आहे. तो बहुधा कंत्राटी, अल्पवेतनी, दिवसभर उभा. महाराष्ट्रात खाजगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी १९८१ चा स्वतंत्र अधिनियम आहे, ही गोष्ट राज्याला भूषणावह असली तरी दारावरच्या वादात त्याला त्याचा उपयोग होत नाही. आदेश व्यवस्थापनाचा आणि गैरनिरोधाची जबाबदारी प्रथम रक्षकावर, अशी त्याची कोंडी असते. त्यामुळे त्याच्याशी हुज्जत घालण्याऐवजी 'बिल पाहा, पिशवीला हात लावू नका' असे शांतपणे सांगणे आणि वाद वाढल्यास व्यवस्थापकाला बोलावणे अधिक श्रेयस्कर ठरते. संशय असल्यास पोलिसांना बोलवा, ही मागणी करणेही ग्राहकाच्या अधिकारात आहे.

अलीकडे बिल थेट मोबाइलवर पाठविले जाऊ लागल्याने नवी अडचण उद्भवली आहे. दारापाशी आता कागद नव्हे, तर खाजगी दूरध्वनीचा पडदा दाखवावा लागतो. मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना दिली होती. छापील बिल मागून घेणे हा तूर्त सोपा उपाय होय.

दाद मागण्याचे मार्ग

मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असल्याने खाजगी दुकानाविरुद्ध सहसा त्यांचा थेट आधार घेता येत नाही. गैरनिरोधासाठी पोलीस ठाणे व न्यायालय, तर अपमानास्पद वागणुकीबद्दल सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोग, असे दोन मार्ग उरतात. २०१९ च्या अधिनियमानुसार तक्रारदाराला आपल्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार नेता येते. वस्तू वा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावरही नोंद करता येते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. व्यवहारात मात्र तेवढा अवधी मिळत नाही, कारण निर्णायक पुरावा दुकानाच्याच ताब्यातील सीसीटीव्ही चित्रण हा असतो आणि नव्या चित्रणाखाली ते लवकरच पुसले जाते. म्हणून घटनेचा दिवस, वेळ व काउंटर क्रमांक नमूद करून ते चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी व्यवस्थापकाकडे देऊन पोच घेणे आवश्यक ठरते. काउंटर क्रमांक व वेळ बहुधा बिलावर छापलेली असते.