पायलट व्हायचंय? आधी डोळ्यांना रंग विचारा

धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात, त्यांना पापी म्हणतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले की विमान योग्य उतारावर आहे. चारही लाल दिसले तर तुम्ही फार खाली आला आहात, लगेच सावरा! म्हणजे इथे उंचीची खबर रंगच देतो.

२६ जुलै २००२ च्या पहाटे अमेरिकेत टॅलाहासी इथे फेडेक्सचं बोइंग ७२७ मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडेच झाडांवर आदळलं. तिघंही वैमानिक वाचले, पण गंभीर जखमी झाले. विमान सहवैमानिक उतरवत होता आणि त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नव्हता; अशा दोषात पापीचे लाल-पांढरे दिवे ओळखणंही अवघड जाऊ शकतं. चौकशीत थकवा आणि कार्यपद्धतीतली ढिलाई यांच्यासोबत ही उणीवही कारणांत नोंदली गेली. या चौकशीचा अहवाल प्रत्येक हवाईप्रेमीने वाचावाच.

म्हणूनच वैमानिकांची रंगदृष्टी तपासतात. या तपासणीची सुरुवात बहुधा इशिहारा चाचणीने होते. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी ती १९१७ साली प्रसिद्ध केली. पण ही चाळणी फार बारीक आहे, सौम्य दोष असलेलेही तिच्यात अडकतात. म्हणून लंडनच्या सिटी विद्यापीठात कॅड ही संगणकीय चाचणी तयार झाली. दोष किती आहे, हे ती मोजून सांगते. मला हीच पद्धत न्याय्य वाटते.

मुलामुलींनो, फ्लाइंग स्कूलची लाखांची फी भरण्याआधी डीजीसीएची (नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाची) वैद्यकीय तपासणी करून घ्या. आईवडिलांनाही हे सांगा.